हिरवी ज्योत, बिराची घोंगडी

मला हिरवा रंग दिसत नाही. म्हणजे दिसतो, पण मातकट दिसतो. उभा ऊस आणि काढणीला आलेली ज्वारी लांबून मला एकाच रंगाची वाटते. ज्यानं सगळी हयात डीप फ्रीज, दुधाच्या टाक्या आणि वॉटर कूलर दुरुस्त करण्यात घालवली, त्या मिस्त्रीनं हे छापून सांगावं म्हणजे शिंप्यानं सुईत दोरा ओवता येत नाही असं सांगण्यासारखं आहे. पण आता दुकान बंद केलंय, गिऱ्हाईक तुटायची फिकीर उरली नाही. संपादकांनी सांगितलं की थंडाव्याच्या धंद्यात नियम कसे बदलत गेले ते लिहा, चार गमती सांगा. नियमांवर लिहितो. गमती जमतील तेवढ्या येतील.

माझं हे गुपित सगळ्या आयुष्यात एका माणसाला माहीत होतं, माझ्याबरोबर काम करणाऱ्या बिराला. माझी बायको सुमन जाईपर्यंत तिलाही कळलं नव्हतं. तिला वाटायचं, नवऱ्याला साड्यांमधलं फार कळतं. दुकानात साडी निवडताना बिरा माझ्या मागं उभा असायचा आणि रंग सांगायचा. ते कळणं त्याचं होतं.

आधी धंदा काय ते सांगतो, नाहीतर पुढचं समजायचं नाही. थंडी कुणी तयार करत नाही. आतली उष्णता उचलायची आणि बाहेर नेऊन टाकायची, एवढाच खेळ आहे. ही हमाली करतो तो नळ्यांमधला गॅस. नळ्या बंद असतात, तोच गॅस वर्षानुवर्षं आत फिरत राहतो. तो कमी झाला म्हणजे कुठंतरी बारीक भोक पडलंय. गॅस काय, कुणीही भरेल. भोक सापडणं हा खरा धंदा.

मोठं भोक साबणाच्या फेसानं कळतं, बुडबुडे येतात. बारीक भोकाला आमच्याकडं बत्ती होती. छोटा बर्नर, त्यात तापून लाल होणारी तांब्याची चकती आणि बाजूला सोंडेसारखी रबरी नळी. सोंडेचं तोंड एकेका जोडापाशी धरायचं. ती तिथली हवा ओढून घेते. हवेत आपला गॅस असला की निळी ज्योत हिरवी होते. सोलापूरला आयटीआयमध्ये आम्हाला हे शिकवलं तेव्हा सगळी पोरं "झाली, झाली" म्हणून ओरडली. मीही ओरडलो. मला ज्योत जरा फिकट झाल्यासारखी वाटली होती, तेवढंच. परीक्षेत शेजारच्यानं कोपरानं ढोसलं, त्यावर पास झालो.

भूमजवळच्या वाशीत दुकान टाकलं आणि वर्षभर अंदाजानं निभावलं. साबण, कान आणि नशीब. मग जवळच्या एका गावातल्या दूध संकलन केंद्राची टाकी थंड होईना म्हणून बोलावणं आलं. शे-दीडशे घरांचं दूध त्या टाकीत होतं. मी बत्ती सगळीकडून फिरवली आणि सांगितलं की भोक नाही, कॉम्प्रेसर गेलाय, शहरात न्यावा लागेल. दाराशी काठी घेऊन उभा असलेला रखवालदार म्हणाला, "मिस्तरी, मघाशी जाळ हिरवा झाल्ता की."

"कुठं?"

"त्या वाकड्या नळीपशी. तुमी तर फुडं निघून गेलाव."

मी सोंड परत तिथं धरली. "आता?"

"आता बी हाय. लुसलुशीत."

भोक तिथंच होतं. अर्ध्या तासात डाग देऊन भोक बुजवलं आणि टाकी चालू केली. बाहेर हात धुताना तो शेजारी आला आणि हळूच म्हणाला, "तुमाला दिसत न्हाय, व्हय?" मला राग आला. मग काय वाटलं कुणास ठाऊक, मी खरं सांगून टाकलं. तो हसला नाही. म्हणाला, "आमच्या कळपात एक मेंढी व्हती तशी. फुडचं हिरवं सोडून वाळलेलं खायाची. दुधाला मातर चांगली व्हती."

हा बिरा. धनगराचा. लहानपणापासून मेंढरांमागं हिंडलेला, दुष्काळात मेंढरं भावाच्या हवाली करून रखवालीला लागलेला. उन्हाळ्यात दोन कोसांवरून तो सांगायचा की त्या नाल्याच्या कडेला गवत हिरवं आहे. ती त्याची विद्या. महिन्याभरात तो माझ्याबरोबर काम करायला लागला, आणि पुढं तीस-पस्तीस वर्षं आम्ही दोघांनी मिळून एक मिस्त्री पुरवला. हात माझे, डोळे त्याचे.

आमची एक रीत ठरून गेली होती. लोकांसमोर तो मला "मिस्तरी" म्हणायचा आणि "तुमी" म्हणायचा. दोघंच असलो की "मन्म्या" आणि "तू". माझं नाव मन्मथ. आई गेल्यावर मला मन्म्या म्हणणारा तो एकटाच राहिला होता.

दुसरी रीत घोंगडीची. बत्तीचा रंग नीट दिसायला अंधार लागतो आणि बाजारपेठेतल्या दुकानात भर दुपारी अंधार कुठून आणायचा? बिरा खांद्यावरची काळी घोंगडी आमच्या दोघांच्या डोक्यावरून आणि यंत्रावरून टाकायचा. आत आम्ही दोघं, मध्ये ती निळी ज्योत, घोंगडीचा वास, आणि त्याच्या तंबाखूचा. बाहेर बघे जमायचे. भूमच्या एका चहावाल्याच्या आईनं तर आम्ही काहीतरी उतरवतोय असं समजून बाहेर उदबत्ती लावली आणि नारळ ठेवला. नारळ आम्ही घेऊन आलो.

ज्योत हिरवी झाली की तो "हिरवी" म्हणत नसे, गिऱ्हाईकाला संशय यायचा. तो म्हणायचा, "फुटली." गिऱ्हाईक समजायचं नळी फुटली. आमच्यात त्याचा अर्थ पालवी फुटली असा होता. घोंगडीच्या अंधारात त्यानं "फुटली रं, मन्म्या" असं कुजबुजावं आणि माझा हात थांबावा, याच्याइतकं सुख मला धंद्यात दुसऱ्या कशात मिळालं नाही. आज मागं वळून बघतो तेव्हा मला यंत्रं आठवतच नाहीत, ती कुजबुज आठवते.

आता नियम. आमच्या सुरुवातीच्या दिवसांत गॅसला नंबर होते, नावं कुणी घेत नसे. लहान फ्रीजला बारा नंबर, मोठ्या यंत्रांना बावीस नंबर. जुना गॅस काढायचा म्हणजे नळी कापून हवेत सोडून द्यायचा. फुस्स करून सगळा जायचा, पोरंटोरं टाळ्या वाजवायची. आम्हालाही तो आवाज आवडायचा. मग ऐकू आलं की बारा नंबर बंद होणार, तो वर जाऊन आभाळाचं पांघरूण खातो, त्याला भोक पडलंय. पुढं बावीस नंबरचीही पाळी येणार. बिराला मी हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "आभाळाला भोक? आजवर आपुन नळीचं भोक धुंडाळतुय, आता सरकार आभाळाचं धुंडाळतंय म्हण की." मी हसलो. त्या काळात आम्ही किती गॅस आभाळात सोडला असेल, याचा विचार आता अंगणात खाटेवर पडल्यावर येतो, आणि बरं वाटत नाही.

पुढं प्रशिक्षणात मला कळलं की जुन्या गॅसमधलं क्लोरीन ज्योत हिरवी करायचं आणि तेच वर जाऊन नुकसान करायचं. म्हणजे बिराला जे दिसायचं, तेच बंद करायचं होतं. नवे गॅस आले त्यात क्लोरीन नव्हतं. पहिल्यांदा नवा गॅस भरलेलं यंत्र दुरुस्तीला आलं तेव्हा आम्ही नेहमीप्रमाणे घोंगडीत शिरलो.

"फुटली?"

"न्हाय."

"आता?"

"न्हाय रं. मन्म्या, ह्यो जाळ मुका झालाय."

ते भोक मग मीच साबणानं काढलं. बुडबुड्याला रंग नसतो, तो मलाही दिसतो. बिरा शेजारी फेसाची वाटी धरून बसला होता.

त्याच सुमारास तेरखेड्याला गेलो होतो, तिथल्या एका फटाक्यांच्या कारखान्यात. ऑफिसातला वॉटर कूलर बिघडला होता. फाटकावरच्या माणसानं माझी बत्ती काढून घेतली, बिराची काडेपेटी घेतली, त्याच्या वहाणांना खिळे होते म्हणून वहाणा ठेवून घेतल्या आणि शेवटी म्हणाला, "दोघं कशाला? मिस्त्रीनं एकट्यानं जावं." मी एकटा आत गेलो, फेस लावला, भोक सापडलं, तासाभरात बाहेर आलो. यंत्र जुनं, बावीस नंबरचं, तरी बत्तीशिवाय जमलं. मला आनंद झाला होता. मी बिराला म्हणालो, "बघ, एकट्यानं उरकलं." तो फाटकाच्या भिंतीला टेकून अनवाणी बसला होता. वहाणा पायात घालत म्हणाला, "मग म्या कशाला आलो हुतो?" मी ते चेष्टेवारी नेलं.

काही वर्षांनी नियम आला की प्रशिक्षण घेतलेल्या मिस्त्रीनंच नवे गॅस हाताळावेत, गॅस हवेत सोडायचा नाही, टाकीत परत भरून घ्यायचा. सोलापूरला तीन दिवसांचं प्रशिक्षण होतं. त्याला आयटीआयचा दाखला लागायचा. बिराकडं दाखला कुठला, तो दुसरीत शाळा सोडून मेंढरांमागं गेलेला. मी एकटाच गेलो.

शिकवायला एक बाई होत्या, माझ्या मुलीच्या वयाच्या. फार नीट शिकवायच्या. शेवटच्या दिवशी त्यांनी सांगितलं की आता लहान डीप फ्रीजमध्ये जो गॅस येतोय तो आणि घरातला स्वयंपाकाचा गॅस जवळजवळ एकच. थंड चांगला करतो, आभाळाला त्रास नाही, पण पेटतो. हवेपेक्षा जड, खाली साठून राहतो. "तुमच्यातले जुने लोक बत्ती लावून भोक शोधायचे. या गॅसला बत्ती लावलीत तर भोक नाही, तुम्हीच सापडणार नाही." वर्ग हसला. मग त्या हसू थांबवून म्हणाल्या, "तुमच्याबरोबर काम करणाऱ्या प्रत्येक माणसाला हे जाऊन सांगा. दाखला तुमच्याकडं असला तरी हात दुसऱ्याचाही लागतो."

येताना एसटीत मी खिडकीशी बसलो होतो. मनात एकच घोळत होतं. बत्ती गेली तर बिरा काय करणार? आणि मी त्याला काय सांगणार, की आता तुझ्या डोळ्यांचं काम नाही? मुका गॅस आला तरी अधूनमधून बावीस नंबरचं एखादं जुनं यंत्र यायचं, त्यासाठी तो रोज दुकानात येऊन बसायचा. आता तेही संपत आलेलं.

तो स्टँडवर घ्यायला आला होता. चहा घेताना त्यानं विचारलं, "काय शिकिवलं?"

"बत्ती बंद केलीय सरकारनं."

"का रं?"

"नियम बदलला."

तो "बरं" म्हणाला. त्यानं आणखी विचारलं नाही, मी आणखी सांगितलं नाही. सरकार हेल्मेट घाला म्हणतं, पट्टा लावा म्हणतं, तसलाच आणखी एक नियम म्हणून त्यानं तो ऐकला. मी नियम सांगितला आणि कारण गिळलं. गॅस पेटतो, हे दोनच शब्द होते. ते सांगितले असते तर तुझ्या डोळ्यांचं काम संपलं हे पुढचं वाक्य आपोआप आलं असतं, आणि ते वाक्य मला बोलायचं नव्हतं. मी त्याला दुखवायचं टाळतोय असं स्वतःला समजावलं. खरं म्हणजे मला त्याच्या तोंडाकडं बघायची हिंमत नव्हती.

मग मी गॅसचा वास घेणारं यंत्र आणलं. भोकापाशी नेलं की ते टूं टूं करतं. आंधळ्यालाही चालेल असं. एक दिवस दुकानात दोघंच होतो तेव्हा बिराला म्हणालो, "तुझं वय झालं आता, प्रत्येक कामाला दगदग कशाला? घरी आराम कर, अधूनमधून ये."

त्यानं घोंगडीची घडी मोडली, परत घातली. "बरं हाय, मिस्तरी," म्हणाला. "तुमी म्हणताव तसं."

दुकानात तिसरं कुणी नव्हतं. तरी तो "तुमी" म्हणाला.

तरी तो येत राहिला. दुकानाची एक किल्ली त्याच्याकडंच असायची. मी कामावर गेलेलो असलो तर तो दुकान उघडून बसायचा, फोन घ्यायचा. कपाटात बत्ती तशीच होती. टाकून द्यायला माझा हात झाला नव्हता.

आमच्या भागात खव्याचा धंदा मोठा. दिवाळीच्या आधी पेढ्याबर्फीसाठी खव्याला मागणी येते आणि व्यापाऱ्यांचे डीप फ्रीज गच्च भरलेले असतात. गुरुलिंगअप्पा नावाचे आमचे जुने गिऱ्हाईक होते, कपाळाला भस्म लावून दुकान उघडणारे, तोलूनमापून बोलणारे. त्या दिवाळीला त्यांनी नवा डीप फ्रीज घेतला होता. सकाळी तो सरकवताना मागची नळी कशाला तरी घासली आणि दुपारपर्यंत गारवा उतरला. त्यांनी दुकानात फोन केला. मी ढोकीला होतो, साखर कारखान्याजवळच्या एका हॉटेलातल्या बाटल्यांच्या फ्रीजवर. फोन बिरानं घेतला. "खवा आंबंल अप्पा, म्या येतो," म्हणाला आणि कपाटातली बत्ती घेऊन निघाला.

मला गुरुलिंगअप्पांचा फोन आला तेव्हा ऊन कलत होतं. ते एवढंच म्हणाले, "मन्मथ, या. बिराला भाजलंय. दवाखान्यात नेलंय." मी हत्यारं तिथंच टाकून निघालो. वाटेत आधी त्यांचं दुकान लागलं. मी धावत आत गेलो, म्हणजे नक्की काय झालं ते डॉक्टरांना सांगता येईल. तिथं जळक्या लोकरीचा वास भरला होता. घोंगडी जमिनीवर पडलेली, मध्ये तळहाताएवढं भोक. झालं होतं ते असं. त्यानं यंत्रावर घोंगडी टाकली, नेहमीप्रमाणे. खाली गॅस साठलेला. घोंगडीची कड उचलून त्यानं बत्ती आधी आत सारली, डोकं मागून जाणार होतं. लोकर पटकन पेट घेत नाही. भडका घोंगडीनं अंगावर घेतला, म्हणून त्याचा चेहरा आणि डोळे वाचले. दोन्ही हात आणि मान भाजली.

गुरुलिंगअप्पांनी मला यंत्राच्या मागं नेलं. म्हणाले, "बत्ती पेटवायच्या आधी त्यो मागच्या बाजूला वाकला. मला म्हणला, बघा अप्पा, मिस्तरी म्हणत्यात बत्ती बंद झाली, आन् ह्या कंपनीनं तर बत्तीचंच चित्र काढलंय. आन् हसला."

यंत्राच्या मागं धुळीत एक तीन कोनी जागा स्वच्छ होती. तिथलं काहीतरी सोलून काढलेलं होतं. तिथं काय होतं ते मला न बघताही माहीत होतं. पिवळा त्रिकोण, आत पेटलेली ज्योत. आत पेटणारा गॅस आहे, जाळ जवळ आणू नका, याची ती खूण. प्रशिक्षणात बाईंनी शेवटच्या दिवशी फळ्यावर काढून दाखवली होती. बिराला वाचता येत नव्हतं. ज्यानं आयुष्यभर ज्योत घेऊन यंत्रांची भोकं शोधली, त्याला यंत्रावर काढलेली ज्योत बघून दुसरं काय वाटणार?

दवाखान्यात त्याच्या हातांना पट्ट्या बांधलेल्या होत्या. त्यानं डोळे उघडले आणि विचारलं, "मिस्तरी, खवा वाचला का?"

"वाचला. शेजारच्यांच्या फ्रीजमध्ये हलवला."

"मग बरं."

खोलीत पुन्हा आम्ही दोघंच होतो. सांगायचं तर तेव्हाच सांगायला हवं होतं. मी त्याच्या पायावरचं पांघरूण सारखं केलं आणि बाहेर आलो. थोड्या आठवड्यांनी त्याची मुलगी त्याला उमरग्याला आपल्या घरी घेऊन गेली. गाडीत बसताना त्यानं मला हात जोडले, पट्टीचे हात.

मी तीन वर्षं उमरग्याला गेलो नाही. जायला दिवसभरही लागत नाही. त्या तीन वर्षांत मी एकट्यानं कामं केली. नियम चांगले होते, हे मी प्रामाणिकपणे सांगतो. गॅस टाकीत परत भरताना मला बरं वाटायचं. यंत्र टूं टूं करायचं आणि भोक सापडायचं. पण टूं टूंला उत्तर काय द्यायचं? कितीदा तरी मी सोंड धरल्यासारखा हात थांबवून "आता?" असं विचारलं आहे आणि गिऱ्हाईकानं दचकून "मला विचारताय?" म्हटलं आहे. सुमन गेली त्या वर्षी साडी निवडायचं कारणही संपलं. संध्याकाळी दुकानाचं शटर ओढताना मी दुसरी किल्ली कुणाकडं आहे ते विसरून रस्त्याकडं बघत उभा राहायचो. एकटेपण म्हणजे माणसं नसणं असं मला आधी वाटायचं. बाजारात माणसं भरपूर असतात. आपलं अर्धं काम ज्याच्याकडं असतं तो नसणं, ते मला तेव्हा कळलं. आणि मनात कायम एकच टोचायचं, की माझं खोटं उघडं पडलं असं समजून तो त्या दिवशी मला हसला.

या वर्षी गुढीपाडवा झाल्यावर दुकान बंद केलं. कपाट आवरताना घोंगडी निघाली. ती मी धुऊन ठेवली होती. ती घेतली आणि एसटीत बसलो.

बिरा मुलीच्या घरासमोर खाटेवर बसला होता. मान एका बाजूला ओढलेली, बोटं आखडलेली. मला बघून म्हणाला, "या, मिस्तरी. बसा." मुलगी पाणी देऊन आत गेली. मी घोंगडी खाटेवर ठेवली आणि बसायच्या आधीच बोलायला लागलो, नाहीतर परत गिळलं असतं. म्हणालो, "बिरा, तो गॅस पेटतो. मला माहीत होतं. मला सोलापूरला सांगितलं होतं, तुला सांग म्हणून बजावलं होतं. मी सांगितलं नाही. बत्ती गेली म्हणजे तू जाशील, म्हणून सांगितलं नाही."

त्यानं उशाखालून तंबाखूची डबी काढली. आखडलेल्या बोटांनी ती माझ्यापुढं धरली. झाकणावर पिवळा त्रिकोण चिकटवलेला होता, आत ज्योत. कडा काळ्या पडलेल्या.

"तवा सोलून खिशात घातलं हुतं," तो म्हणाला. "सांजच्याला तुमाला दावायला. म्हणलं, बत्ती परत चालू झाली. कंपनीनंच चित्र काढलंय. म्हंजी आपलं बी चालू हाय. लई बरं वाटलं हुतं तवा."

तीन वर्षं मी ज्या हसण्याला घाबरत होतो, ते हे हसणं होतं.

"आन् ह्याचा अर्थ काय वो?" त्यानं विचारलं.

"जाळ लावू नका."

त्यानं डबी डोळ्यांजवळ नेली. "मग आडवी रेघ का मारली न्हाय? बिडी वडू नका म्हणून लिवत्यात तिथं बिडीवर रेघ असती. एवढी शिकल्याली माणसं, एक रेघ मारायला काय झालं हुतं?"

"ती रेघ मी मारायची होती," मी म्हणालो. म्हाताऱ्या माणसानं रडू नये असं म्हणतात, मी रडलो.

त्यानं मला रडू दिलं. नंतर मी विचारलं, "वाशीला येतोस का परत? घर मोकळंच आहे." तो म्हणाला, "न्हाय. तिथं आता माजं काय काम?" पस्तीस वर्षं या प्रश्नाचं जे उत्तर होतं, ते नियमांनी आणि मी मिळून काढून घेतलं होतं.

एसटीची वेळ होत आली. मी उठलो. बिरानं घोंगडी मांडीवर उलगडली, बोटांनी ते जळलेलं भोक चाचपलं, मग घोंगडी वर उचलून भोकाला डोळा लावला आणि अंगणाबाहेर बघत राहिला. बाहेर रस्त्याच्या कडेला कडुलिंब होता, पाडव्याचा लिंब. मला तो सगळा मातकट दिसत होता, खोड, फांद्या, पानं, सगळं एक.

"फुटली रं, मन्म्या," तो म्हणाला.

माझा हात हवेत थांबला. मी खाटेवर परत बसलो आणि ती एसटी जाऊ दिली.